जक्कयाचे चौपट

भोपाळच्या आनंद नगरात आम्ही लूक 19 वाचीत होतो. जक्कय नुसत्या पश्चात्तापावर थांबला नाही. ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. लेकरावरील अत्याचाराचे चित्र एकदाच काढले जाते, पण पाहिले जाते वर्षानुवर्षे. पाहणाराही त्या लेकराचा देणेकरी होतो. अमेरिकेच्या 2018 च्या कायद्याने असे चित्र बाळगणाऱ्यालाही, नुकसान सिद्ध झालेल्या प्रत्येक पीडितास, किमान 3000 डॉलर द्यावे लागतात. आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली विशेष न्यायालय लेकराला भरपाई देववू शकते, आरोपी सापडला नाही तरीही. आदेश मिळाल्यावर 30 दिवसांत सरकारने ती द्यावयाची. भीक नव्हे, देणे! आम्ही मंडळीत मात्र अपराध्याला क्षमा करण्याची केवढी घाई करतो! शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, असे लेकरू तुमच्या वर्गातही बसले असेल. त्याला काय परत मिळाले, हे आम्ही कधी विचारले काय?