देहरूपी रथाची ओळख



कठोपनिषदात देहाला रथाची उपमा दिलेली आहे. इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. ही उपमा आपण कीर्तना-प्रवचनांतून अनेकवार ऐकतो. परंतु ऐकताना आपले लक्ष घोड्यांकडे आणि सारथ्याकडेच असते. रथाकडे सहसा कोणी पाहत नाही. ज्या गाडीवानाला आपल्या गाडीचा आस, जू आणि चाकाची धाव यांची ओळख नाही, तो बाजाराला निघाला तरी वाटेत अडणारच. आसनांचा अभ्यास करणाऱ्या आपणा पुष्कळांची स्थिती अशीच आहे. म्हणून आज रथाविषयीच चार शब्द बोलावे असा मानस आहे.

प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सभामंडपात पहाटे आसने शिकवीत असता, तंबाखूच्या वखारीत काम करणारे एक गृहस्थ पश्चिमोत्तानासन करीत होते. त्यांचे हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोहोचेनात. मी उत्साहाच्या भरात त्यांच्या पाठीवर दोन्ही हात टेकून जोराने दाब दिला. बैठकीच्या हाडापाशी कळ उठली आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना धड बसता येईना, ओझे उचलता येईना. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे काम माझ्या हातून बुडाले. त्यांनी मला क्षमा केली. पण माझ्या मनाची टोचणी गेली नाही. अहिंसा हा योगाचा पहिला यम. तो मुखाने सांगत असता मी हातांनी हिंसा करीत होतो. अज्ञानाने घडली म्हणून ती हिंसा नव्हे असे म्हणता येईल काय?

त्यानंतर मी देहाची रचना समजून घेऊ लागलो. मांडीच्या मागील बाजूस तीन लांब स्नायू आहेत. ते बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली, पायाच्या हाडांना जाऊन मिळतात. म्हणजे ते कंबर आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातात. ते आखडलेले असले की पुढे वाकताना कमरेचे हाड जागचे हलत नाही, आणि सारे वाकणे पाठीच्या मणक्यांना करावे लागते. मी ज्या पाठीवर दाब दिला तिचा काही दोष नव्हता; अडथळा मांडीच्या मागे होता. घोंगडीची घडी घालून तिच्यावर त्यांना बसविले असते आणि गुडघे किंचित वाकवू दिले असते, तर कमरेचे हाड सहज पुढे कलले असते.

दुसरी गोष्ट अशी की, स्नायूला एकाएकी झटका दिला तर तो सैल न होता उलट आखडतो. स्नायूच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. ते मज्जारज्जूला वर्दी देतात आणि मेंदूची वाट न पाहता स्नायू आकुंचन पावतो. तो स्वतःचे रक्षण करीत असतो. त्याला हट्टी म्हणणे हा अन्याय होय. सावकाश ताणावे, ताण जाणवेल तेथे थांबावे आणि काही श्वास शांतपणे घ्यावेत. मग तो आपण होऊन वाट देतो.

तिसरी गोष्ट तर प्रवचनाचाच विषय आहे. देहातील स्नायू जोडीजोडीने काम करतात. मांडीचे पुढचे स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढली की मागच्या स्नायूंना सैल होण्याची आज्ञा मिळते. या व्यवस्थेचा शोध घेणारे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांना 1932 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एकाने झटावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने सोडून द्यावे! गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनोनिग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली आहे. तीच जोडी देवाने आपल्या मांडीत ठेवली आहे. नुसता अभ्यास केला तर देह ताठतो, नुसते वैराग्य धरले तर तो ढिला पडतो. पतंजलींनीही आसनाच्या ठायी स्थैर्य आणि सुख या दोहोंची अपेक्षा केली आहे.

आता आपल्या निपाणीकडे वळू. येथील कितीतरी घरांतून भगिनींनी मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या आहेत. तासन्‌तास असे बसल्याने छातीचे स्नायू आखूड होतात, आणि मानेचे व पाठीचे स्नायू ताणून ताणून थकतात. अशा भगिनीला पुन्हा पुढेच वाकण्याचे आसन सांगणे म्हणजे थकलेल्या बैलाला दुसरी गाडी जुंपणे होय. तिच्या पाठीला ताण नको, बळ हवे. तिच्या छातीला बळ नको, मोकळीक हवी. भुजंगासन आणि शलभासन सावकाश केल्याने पाठीला बळ येते. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती पुढे काढल्याने ती मोकळी होते. काही बंडले झाली की दोन मिनिटे उठून उभे राहावे. हाताला मुंग्या येत असल्या किंवा कळ पायात उतरत असली तर आसने थांबवून डॉक्टरांस दाखवावे. आणि घरच्या पुरुषांनी हेही ध्यानात घ्यावे की, आसन हे विश्रांतीच्या ठिकाणी चालत नाही. तिच्या डोक्यावरची पाण्याची घागर आपण उचलणे, हेही योगाचेच अंग आहे.

शास्त्राची कास धरल्याने धर्म उणा होतो अशी शंका कोणी घेऊ नये. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने, नौली यांसारख्या क्रियांची क्ष-किरणादी साधनांनी परीक्षा केली. कर्नाटकातील बेल्लूर येथे 1918 साली जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार बालपणी अतिशय रोगट होते. ते 1937 साली पुण्यास आले आणि त्यांनी तेथे आयुष्यभर योग शिकविला. लाकडी विटा, पट्टे, दोर यांचा आधार देऊन त्यांनी वृद्धांना आणि दुर्बळांनाही आसन सुलभ केले. कन्नड मातीत जन्मलेल्या पुरुषाची सेवा मराठी मुलुखात फळास आली; सीमेवर राहणाऱ्या आपणांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ते वखारीतले गृहस्थ आज पुन्हा वर्गास येतात. घोंगडीच्या घडीवर बसतात आणि हात नडगीपर्यंतच नेतात. त्यांचा श्वास मात्र आता शांत असतो. मी त्यांच्याजवळ बसतो, आणि हात लावण्यापूर्वी विचारतो.

उद्या पहाटे आसनास बसताना आपणही देहावर हुकूम सोडण्यापूर्वी त्याला एकवार विचारावे. ज्याच्या आत देव राहतो त्या मंदिराचे खांब कोठे आणि कमानी कोठे, हे जाणणे ही त्या देवाचीच सेवा आहे. ती आपणा सर्वांकडून घडो, हीच प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु.