मुके कोण?

मिस्सानंतर चर्चच्या आवारात न बोलणाऱ्या मुलाला आम्ही विचारतो, “कसा आहेस?” उत्तर त्याची आई देते आणि आम्ही पुढे निघतो. मग मुके कोण?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ५ एप्रिल १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हनबाईंनी सहा वर्षांच्या अंध-बधिर हेलन केलरचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला व दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे उमटवली. हेलनला अर्थ उमगला. पण त्यामागे महिनाभराची चिकाटी होती.

चित्रावर ठेवलेले बोट, वळलेली नजर हेही बोलणेच आहे. चित्रे वापरल्याने मुलाची वाचा खुंटत नाही. प्रश्न मुलालाच विचारावा, मनात दहा आकडे मोजावेत. असे थांबणे ही दया नव्हे. त्या मुलाचे आम्ही तेवढे देणे लागतो.