मागणाऱ्याचा हात

गेल्या दिवाळीत एका अंकात माझ्या जुन्या मित्राचा लेख आला. मित्र बुद्धिवादी, नागपुरातल्या चळवळीत उभं आयुष्य घातलेला. त्याच्याविषयी मला आदर आहे. त्याचं म्हणणं असं की प्रार्थना ही उपाय संपलेल्या माणसाची भाषा आहे. दवाखाना आला, विहीर आली, रेशन आलं की तिचं काम संपतं. ख्रिस्ती माणसांवर त्याचा विशेष रोख होता, कारण शहरातल्या चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करण्याच्या सभा, त्यानं जवळून पाहिल्या आहेत. मी त्याला फोन केला नाही. वर्षभर मनातल्या मनात उत्तर देत राहिले. ते उत्तर वाटेत बदललं, हे आधीच सांगते.

चंगाईच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूची आहे, त्याच्याहून कडक आहे. माझी आई मेकोसाबागेतल्या आमच्या घरी शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती. मे महिना, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. घरप्रार्थनेला बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि निघताना म्हणाले, विश्वासात कुठेतरी कमी पडतंय, ते शोधा. रात्री दोनला आईनं मला हाक मारली. "बाई, माझं कुठं चुकलं असंल?" शेजारच्या परसातली बोरं तोडली होती, त्या वयापासून ती आपली पापं मोजत बसली होती. एवढ्या महिन्यांच्या दुखण्यानं तिची मान खाली गेली नव्हती, या एका वाक्यानं गेली. मला आजही त्या वाक्याची क्षमा करता येत नाही.

असं बोलणाऱ्यांनी नागपूरच्या मंडळीचा इतिहास तरी वाचावा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 पासून इथे राबले. शाळा चालवली, इथल्या खडकांचा अभ्यास केला, गोंडांविषयी टिपणं लिहून ठेवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे. त्यांच्या विश्वासात काय कमी होतं, हे कोणी मला सांगावं.

म्हणून मी मित्रासाठी उत्तर तयार केलं होतं, आणि महिला मंडळात ते कित्येक वर्षं सांगतही आले होते: प्रार्थना मागण्यासाठी नसतेच. ती परिस्थिती बदलत नाही, माणसाला बदलते. गेथशेमाने बागेत येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, आणि प्याला टळला नाही. 88वं स्तोत्र उजेडाकडे वळतसुद्धा नाही, अंधारातच संपतं. आणि आपण मराठी ख्रिस्ती तर देवाशी भांडायला परक्या मुलखात शिकलेलो नाही. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी प्रवाशानं नवा करार दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असंच ते सांगत राहिले. त्या पुलावर नामदेव आहेत, जनाबाई आहेत, विठोबाला हक्कानं चार शब्द सुनावणारी सगळी माणसं आहेत. गाऱ्हाणं हीसुद्धा प्रार्थनाच, हे आम्हाला घरातूनच मिळालं.

हे सगळं मी आजही मानते. तरी उत्तर पुरं पडेना, ते पंडिता रमाबाईंमुळे.

रमाबाईंची साक्ष मी तरुणपणी वाचली होती. यंदा पुन्हा काढली. 1870च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थोतीर्थी हिंडत होते. देव प्रसन्न व्हावा म्हणून उपास केले, अनुष्ठानं केली, दागिने आणि भांडी विकून दानधर्म केला. शेवटी रानातला पाला खाल्ला. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई सोळा वर्षांच्या. माझा मित्र म्हणेल, हाच तर माझा पुरावा. पण त्या स्वतः काय नोंदवतात ते पाहा. शास्त्रांपलीकडे आम्हाला कुठलंच काम शिकवलं नव्हतं, आणि भीक मागायला अभिमान आड येत होता, हे त्या न लपवता लिहितात. म्हणजे देवापुढे हात पसरत होते, माणसापुढे पसरत नव्हते, आणि तो हात कामालाही लागत नव्हता.

पुढे भाऊ गेला, नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. मग 1896-97 चा दुष्काळ आला, आपल्या मध्य प्रांतातला, ज्याची राजधानी हे नागपूर होतं. रमाबाई पुण्याहून निघून इकडच्या दुष्काळी मुलखात हिंडल्या. स्वतःची उपासमार त्यांना विसरता येत नव्हती. सांगाडे झालेल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी सोबत नेल्या, त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. तिथे त्यांनी प्रार्थना थांबवली नाही. उलट ती जास्त रोखठोक केली. धान्य, पैसा, पाणी, औषध, नाव घेऊन मागितलं. 1905 मध्ये तिथे रोज प्रार्थनेला बसणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्याच आवारात शेती होती, तेलाचा घाणा, माग, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. विहीर खणली म्हणून प्रार्थना संपली नाही. प्रार्थना केली म्हणून विहीर खणायची राहिली नाही.

इथे माझं उत्तर ढासळलं. प्रार्थना मागण्यासाठी नसते, हे म्हणणं ज्याच्या घरात पीठ आहे त्याचं आहे. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितली आहे, अगदी साधी भाकर. त्या मागणीला मी इतकी वर्षं उंच अर्थ चिकटवत होते. दोन हजार तोंडांची जबाबदारी घेतलेल्या बाईला तसली चैन नव्हती. मागण्यात कमीपणा नाही. खोट आहे ती, मिळालं नाही तर मागणाऱ्यालाच आरोपी करण्यात. आणि मित्रालाही सांगते: उपाय संपला म्हणून रमाबाई मागत नव्हत्या. मागत होत्या आणि मुलींना आणायला गाडीत बसत होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती मनोरमा गेली. ती वाचावी म्हणून आईनं काय काय मागितलं असेल, कल्पना करवत नाही. तरी बायबलचं भाषांतर हातात होतंच. पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या.

हे वाचताना मला आमच्या शेजारच्या मावशी आठवल्या. त्या उपदेशकांच्या भेटीनंतरही त्या रोज संध्याकाळी यायच्या. पदराखाली झाकून ज्वारीची भाकर, वाटीत पातळ वरण. आईला कुशीवर वळवून पाठीच्या जखमा कोमट पाण्यानं पुसायच्या, मलम लावायच्या, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. मग खाली चटईवर बसून डोळे मिटायच्या. त्यांची प्रार्थना एका ओळीची असे: प्रभू, आज हिला झोप लागू दे. बस. बरं कर नाही, विश्वास वाढव नाही. तेव्हा मला ती फार छोटी वाटायची. एवढ्यासाठी कोणी देवाला हाक मारतं का, असं मनात यायचं.

काही रात्री आईला झोप लागली, बऱ्याच रात्री नाही लागली. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आल्या, पुन्हा तेवढंच मागितलं. झोप का लागली नाही, हे त्यांनी आईला एकदाही विचारलं नाही.

पावसाळा लागला तशा मावशी जिन्यावर थांबून थांबून येऊ लागल्या. एका संध्याकाळी त्यांचं आमेन झालं, तरी आईचे डोळे मिटलेलेच होते. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "प्रभू, हिचा गुडघा लई दुखते. तेवढं पाय."

मावशी चटईवरून उठल्या नाहीत. मी चहा ठेवायला आत गेले.