वारी चुकली आणि समुद्र पाहिला

निवृत्तिनाथांची पौष वारी चुकवून समुद्र पाहायला गेलेल्या वारकऱ्याने गळ्यातली माळ उतरवावी काय, असा प्रश्न आमच्याकडे पेठहून आला आहे. विचारणारे गृहस्थ सत्तरीचे, कोकणा समाजातले, चाळीस वर्षे दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी पायी जाणारे. त्यांचा मुलगा नाशकाला कारखान्यात आहे. त्याने चार पैसे साठवून आईबापांना विमानाने मॉरिशसला नेले, पण रजा मिळाली ती नेमकी वारीच्या आठवड्यात. परत आल्यावर गावात कुजबुज झाली. एकाने तर भजनाला बसल्यावर तोंडावरच म्हटले, "बाबा, नाथांपरीस समिंदर मोठा झाला का तुम्हाला?" म्हातारा गप्प राहिला. मग आमच्याकडे आला.

समुद्र ओलांडू नये, ते कलिवर्ज्य आहे, असे कोणी पोथी काढून दाखवतील. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. पोटासाठी ज्यांना समुद्र ओलांडावा लागला त्यांना पोथीने भाकर दिली नव्हती. नेमाचे मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. नेम चुकला तो चुकलाच. मुलाच्या रजेकडे बोट दाखवून तो भरून येत नाही, आणि हे म्हाताऱ्यालाही कळते. नाहीतर तो विचारायला कशाला आला असता? पण चुकलेल्या नेमाला माळ उतरवणे हा उतारा नव्हे. चालताना ठेच लागली म्हणून कोणी पाय तोडत नाही.

आम्हांस अडले ते निराळ्याच ठिकाणी. गावाचा खरा राग वारीवर नाही, मौजेवर आहे. हाच मनुष्य आजारी पडून राहिला असता तर कोणी चकार शब्द काढला नसता. तेव्हा प्रश्न असा की, देवाने केलेले सुंदर पाणी डोळे भरून पाहणे हा भोग की भक्ती?

ते पाणी कसे आहे हे आधी सांगितले पाहिजे. मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेटांचे चिमुकले राष्ट्र, १९६८ साली स्वतंत्र झालेले. मुख्य बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी पोवळ्यांचा कडा आहे. महासागराची लाट त्या कड्यावर येऊन फुटते आणि आत किनाऱ्यापाशी उथळ, निळे, निवांत पाणी राहते. तळाला काच बसवलेल्या होडीतून खालचे मासे दिसतात. म्हातारा सांगत होता, "महाराज, देवघरात डोकावल्यावानी वाटलं." पोवळे हा दगड नव्हे. असंख्य बारीक जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक रचलेली ती घरे आहेत. समुद्र फार तापला की हे जीव पांढरे पडतात, ताप टिकला तर मरतात. आपण ज्या विमानाने जातो त्याचा धूरही त्या तापात भर घालतो. हे लिहिताना आम्हांसही बरे वाटत नाही, पण म्हाताऱ्याच्या जन्मातल्या एका फेरीवर जगाचे सारे पाप लोटणे न्यायाचे होणार नाही.

तर आत जी शांतता आपण भोगतो तिच्यासाठी बाहेर कोणीतरी लाटा अंगावर घेत असते. जमिनीवरही तेच. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटात आणले गेले. उसाच्या मळ्यांसाठी. त्यांत कोकणातली, मराठी बोलणारी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. पुढे २०२० च्या जुलैत एक जपानी मालकीचे जहाज त्या पोवळ्यांच्या कड्यावर चढले आणि ऑगस्टात सुमारे हजार टन तेल निळ्या पाण्यात सांडले. तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब लोळ्या शिवल्या आणि तेल अडवण्यासाठी त्या पाण्यावर सोडल्या. ज्या उसात आजे-पणजे राबले त्याचेच पाचट!

घाटाच्या पायऱ्यांवर म्हातारा बसला तो उठेना. मुलगा म्हणे, चला, दुसरीकडे जायचंय, गाडी थांबलीय. बाप म्हणाला, "थांब जरा. मीही असाच उतरलो होतो." आमच्या वाचकांना ठाऊक आहे, पेठची माणसे पावसाळा सरला की घाट ओलांडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. यानेही तरुणपणी हंगामामागून हंगाम तेच केले होते. बागेत मजेने फिरणाऱ्या पाहुण्यांना आपण दिसत नव्हतो, हे त्याला त्या पायरीवर आठवले.

एकनाथ महाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते, तेही समुद्राकडेच. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि कावड तिथेच रिकामी झाली. ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो, आणि दर वेळी गाढवाच्या भाग्याचे कौतुक करतो. आम्हांस मात्र नाथांच्या डोळ्यांचे वाटते. रामेश्वर मनात ठेवून चालणाऱ्याला वाटेतले गाढव दिसले कसे? यात्रेला निघून ते न दिसणारे पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच असू. उलट मौजेला निघालेल्या एखाद्याला ते दिसले, तर त्या मौजेला काय म्हणावे? जो निळ्या पाण्यात राहून त्या पायऱ्या न पाहता परत आला, त्याला आम्ही भोगी म्हणू. याला म्हणवत नाही.

म्हणून आम्ही त्यांस कळवले की माळ राहू द्या. येत्या पौषात त्र्यंबकेश्वरी चालत जा आणि चुकलेली वारी नाथांच्या समाधीपुढे आपल्या तोंडाने कबूल करा. आम्हांपुढे कबूल करून उपयोग नाही. मुलालाही बरोबर घ्या, रजा त्याने तेव्हाची काढावी.

म्हातारीला आम्ही विचारले, तुम्हाला कसे वाटले? पेठेत पावसाळ्यात आभाळ फाटते आणि सारे पाणी दमणगंगेच्या वाटेने समुद्राला जाते. चैत्र-वैशाखात हीच बाई दोन हंडे घेऊन विहिरीची वाट चढते. ती म्हणाली, "चांगलं होतं. आमचंच पाणी तिकडं गेलंय असं वाटलं. पण हंडा भरावा असं नव्हतं."

मग तिने विचारले, पौषातल्या दिंडीत वाटेत पाण्याची सोय कोण बघणार आहे?