छावणींतील थोरो

जुनी वास्तु नव्या सत्कार्यास लावली म्हणजे तिच्या पूर्वकर्माचें परिमार्जन होतें काय? सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रेसिडिओ या छावणीचा इतिहास वाचतांना हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला. १७७६ सालीं स्पॅनिश लोकांनीं वसविलेली ही छावणी पुढें मेक्सिकोकडे गेली व १८४६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेनें ती घेतली. १९९४ सालीं सैन्य तेथून निघालें आणि ती भूमि राष्ट्रीय उद्यानांत सामील झाली. १९९६ सालीं तेथील लेटरमन या लष्करी रुग्णालयाच्या जुन्या इमारतींत, नफ्याचा हेतु न ठेवतां लोकहितार्थ झटणाऱ्या संस्थांसाठीं कार्यालयें उघडण्यांत आलीं. उभें आहे तें न पाडतां राखावें, ही त्यामागील दृष्टि. प्रवेशद्वारावरील कांचांत सूर्यप्रकाशापासून वीज करणारे घटहि बसविले. या वास्तूस नांव दिलें तें हेन्री डेव्हिड थोरो याचें.

येथेंच विचारास ठेंच लागते. ज्या महिन्यांत ही छावणी अमेरिकेच्या हातीं आली, त्याच महिन्यांत, गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारास कर देणार नाहीं म्हणून थोरोनें काँकर्ड येथें एक रात्र तुरुंगांत काढली. मेक्सिकोवरील युद्धाचा निषेध त्यानें १८४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत केला. ज्या युद्धानें ही भूमि मिळविली, त्याच्याच निंदकाचें नांव तिच्यावरील वास्तूस दिलें गेलें!

कोणी यास विसंगति म्हणेल, कोणी प्रायश्चित्त. आम्हांस दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. विटा निरपराध असतात. शिवाय हें तर रुग्णालय. परंतु लष्करी रुग्णालयांत बरा झालेला शिपाई पुन्हा रणावर जाऊं शकतो. तेथें दयाहि युद्धाच्या पदरीं चाकरीस असते. वास्तूला प्रायश्चित्त घेतां येत नाहीं. तें माणसांनीं घ्यावयाचें असतें, आणि त्यासाठीं पूर्वीं येथें काय होतें याची आठवण बुजवून चालत नाहीं.

थोरोचा प्रश्न साधा पण कडू आहे : माझा पैसा कोणत्या कामास लागतो? देणगी घेतांना, भाडें भरतांना, वेतन मोजतांना जो हा प्रश्न स्वतःस विचारील, त्यालाच त्या नांवाखालीं बसण्याचा अधिकार पोंचतो. थोर नांव धारण करणें म्हणजे एक ऋण पत्करणें होय.

थोरोचा तो निबंध महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत वाचला होता. आमच्यापैकीं अनेकांच्या घरीं महात्माजींची तसबीर आहे. तिच्याखालीं बसून आम्ही कोणते हिशेब लिहितों?