थांबणारा देव आणि घाई करणारा आवाज



हल्ली वारकरी मंडळींत एक शंका वारंवार निघते. कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, की कोणीतरी हळूच विचारतो, "महाराज, आपण लहानथोर न पाहता समोरच्याच्या पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. मग फोनवरच्या अनोळखी माणसावर आधी संशय घ्यायचा, हे आपल्या धर्मात बसते का? त्याचे बोलणे मध्येच तोडले, तर त्याच्यातल्या पांडुरंगाचा अपमान नाही का?"

शंका भोळी आहे, पण पोकळ नाही. तिचे समाधान नीट झाले पाहिजे, कारण याच भोळेपणावर आज चोरांचा डोळा आहे.

आधी फोन करणाऱ्यांत भेद करू. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या म्हणणारी बहुतेक पोरे पोटासाठी नोकरी करतात. दिवसभर लोकांच्या शिव्या खातात. त्यात आपली भर नको. "नको माउली" म्हणावे आणि फोन ठेवावा. असे फोन मुळात नकोच असतील, तर १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा संदेश पाठवून तशी नोंद करता येते. इथे काम गोड नकाराने भागते.

दुसरा ठग. तो माणसाच्या मनात तीन दारांनी शिरतो. पहिले दार लोभाचे. लॉटरी लागली, पैसे दुप्पट होतील. दुसरे भयाचे. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका. तिसरे दार भावाचे, आणि भाविक मनाला तेच अधिक घातक. नातवाला अपघात झाला आहे, लगेच पैसे पाठवा. तीर्थक्षेत्री भक्तनिवासातली शेवटची खोली उरली आहे, आत्ताच रक्कम भरा.

दारे तीन, पण चोराची खूण एकच. त्याला घाई असते. तो विचार करू देत नाही, कोणाला विचारू देत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले, की डिजिटल अरेस्ट अशी कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही. अशा वेळी काय करावे याच्या तीन पायऱ्याही त्यांनी सांगितल्या. त्यातली पहिली होती, थांबा.

माउली, थांबणे आपल्याला नवीन आहे का? पुंडलिकाच्या दारी साक्षात परब्रह्म आले. तो आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही, धमकी दिली नाही, निघूनही गेला नाही. तो विटेवर उभा राहिला, तो आजही उभाच आहे. ज्या संप्रदायाचे दैवतच थांबलेले आहे, त्या संप्रदायातल्या माणसाने एका अनोळखी आवाजाला "घरात विचारून उद्या सांगतो" म्हटले, तर त्यात कोणाचा अपमान होतो? खरा असेल तो उद्यापर्यंत थांबेल. जो थांबत नाही, त्याचे काम थांबल्यावर बिघडणार असते.

कोणी म्हणेल, संतांना पैशाची फिकीर नव्हती, गेले तर गेले. इथेच घोटाळा होतो. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ती स्वतःच्या हाताने, जाणून, मोकळ्या मनाने. त्याला त्याग म्हणतात. भीतीने हात कापत असताना दिलेला पैसा त्यागही नव्हे आणि दानही नव्हे. नाथमहाराजांनी जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली. वैराग्य म्हणजे गाफीलपणा असता, तर ती पै त्यांनी सोडून दिली असती. पेन्शनचा, दूधबिलाचा पैसा हा घराचा ठेवा आहे, तो सावधपणे राखणे हीसुद्धा सेवाच. म्हणून पक्के ध्यानात ठेवावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. आणि आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

मग त्या ठगातल्या पांडुरंगाचे काय? ऐका. नोकरीच्या आमिषाने परदेशात नेऊन, कोंडून, ज्यांच्याकडून फसवणुकीचे फोन करवून घेतले जातात अशीही माणसे आहेत. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. तेव्हा पलीकडचा आवाज कदाचित स्वतःच बंदिवान असेल. त्याच्याबद्दल द्वेष नको. पण आपण दिलेल्या पैशाने त्याची बेडी तुटत नाही, ती बांधणारा मात्र गब्बर होतो. म्हणून त्याच्यावर दया करायची असेल, तर पैसा न देणे हीच दया.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. कित्येक म्हातारी माणसे फसल्यावर गप्प बसतात. लोक हसतील, मुलगा बोलेल, सून टाकून बोलेल. आणि मनाची समजूत घालतात, प्रारब्धाचा भोग होता. प्रारब्ध खरे, पण ताप आल्यावर आपण औषध घेतोच ना? तक्रार न केल्याने आपला भोग संपत नाही, दुसऱ्याचा सुरू होतो. तोच चोर उद्या शेजारच्या गावात फोन लावतो. म्हणून लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसा वाटेतच अडवला जाण्याची आशा अधिक.

आणि घरच्यांनो, विणेकऱ्यांनो, दिंडीप्रमुखांनो, फसलेल्याला "लोभ नडला" म्हणू नका. भयाने आणि मायेने फसणाऱ्यांत लोभाचा लेशही नसतो. वाटेत पाय मुरगळला म्हणून वारकऱ्याला कोणी मागे टाकून जाते का? त्याच्या खांद्याखाली हात घालतो आणि चालतो. इथेही तेच करावे. ज्या घरात म्हातारा माणूस न भिता "मी फसलो" म्हणू शकतो, त्या घरात ठगाचे निम्मे बळ संपले. कारण त्याचे पहिले वाक्य असते, "कोणाला सांगू नका," आणि आपण चारचौघांत सांगितलेले असते.

पांडुरंग हरी.