अमूर्त चित्र आणि समाजटीका

टीकेला लक्ष्य लागतें. १८०८ मध्यें माद्रिदच्या बंडखोर नागरिकांस गोळ्या घालणारे फ्रेंच शिपाई गोयानें १८१४ मध्यें चितारले. त्या चित्रांत अन्याय कोणी केला व तो कोणावर झाला, हें मुलालाहि कळतें. दोमिएनें फ्रान्समधील न्यायाधीशांचीं व वकिलांचीं व्यंगचित्रें काढलीं; आपलें बोट कोणाकडे रोखलेलें आहे, हें तींहि लपवीत नाहींत. परंतु ज्या चित्रांत मनुष्य नाहीं, वस्तु नाहीं, प्रसंग नाहीं, केवळ रंगाचे पट्टे आहेत, तें समाजावर टीका करतें असें म्हणणें हा शब्दच्छल तर नव्हे? हा प्रश्न अरसिकाचा म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

यावर एक ठराविक उत्तर दिलें जातें. अशा चित्रांत टीका नसती, तर हुकूमशहा त्यांना भ्याले कशाला असते? १९३७ च्या जुलैंत म्यूनिक येथें नात्सी सरकारनें ‘भ्रष्ट कला’ या नांवाचें प्रदर्शन भरवून कांडिन्स्कीप्रभृति चित्रकारांची जाहीर विटंबना केली; सोव्हिएट रशियांतहि १९३४ नंतर समाजवादी वास्तववादाखेरीज अन्य कलेला राजमान्यता उरली नाहीं. परंतु हें उत्तर पुरेसें नाहीं. म्यूनिकच्या त्या भिंतींवर माणसांचीं चित्रेंहि पुष्कळ होतीं. आणि जुलमी सत्तेला कशाचेंहि भय वाटतें, म्हणून तिनें भ्यालेली प्रत्येक वस्तु टीकाच असते असें सिद्ध होत नाहीं. चित्रकार स्वतंत्र आहे, धनिक त्याचा आश्रयदाता आहे, आणि कोणी त्याला तुरुंगाचें भय दाखवीत नाहीं, अशा ठिकाणींच या मताची खरी कसोटी लागते.

ती मार्क रॉथ्कोच्या आयुष्यांत लागली. रशियन साम्राज्यांत जन्मून लहानपणीं अमेरिकेस गेलेल्या या चित्रकाराला १९५८ मध्यें न्यूयॉर्कमधील सीग्राम इमारतींतल्या ‘फोर सीझन्स’ या उंची उपाहारगृहाच्या भिंतींसाठीं मोठ्या चित्रांचें काम मिळालें. त्यानें नेहमीचे उजळ रंग सोडून काळसर तांबडे रंग घेतले. चित्रांतील आकृति बंद खिडक्यांसारख्या दिसूं लागल्या. तेथें जेवणाऱ्या धनिकांची अन्नावरची वासना उडावी, हा आपला हेतु असल्याचें १९५९ च्या प्रवासांत रॉथ्कोनें बोटीवर सांगितलें, असें त्या वेळीं भेटलेल्या एका पत्रकारानें पुढें लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं तो पत्नीसह त्या उपाहारगृहांत जेवला, आणि नंतर त्यानें काम सोडून देऊन घेतलेले पैसे परत केले. पुढें त्यांपैकीं नऊ चित्रें त्यानें लंडनच्या टेट संग्रहालयाला दिलीं.

या नकाराचा अर्थ काय? जेवणाऱ्यांची वासना उडविण्याचें सामर्थ्य चित्रांत असतें, तर तीं तेथेंच राहूं देणें इष्ट होतें. मनुष्याची संवय थोड्याच दिवसांत कोणत्याहि चित्राची भिंत करून टाकते, हें त्याला त्या मेजाशीं बसल्यावर उमगलें असावें, असें आम्हांस वाटतें. अमूर्त चित्राला कोणाचें नांव घेतां येत नाहीं, म्हणून त्याला शोभेची वस्तु बनविणें सोपें असतें. पण त्याच कारणानें, व्यंगचित्राला न साधणारी एक गोष्ट त्याला साधते. व्यंगचित्र पाहणारा न्यायासनावर बसतो आणि दोष दुसऱ्याचा म्हणून हंसतो. रंगाच्या मूक पटापुढें हंसावयाला दुसरा कोणी नसतो. ‘उपयोग काय? किंमत काय?’ यांखेरीज प्रश्न न विचारणाऱ्या मनाला तो पट कांहींच देत नाहीं. आणि त्या मनाचें दारिद्र्य त्याचें त्यालाच दिसणें, हीच त्या चित्राची टीका होय.

तथापि हें मौन स्वतःचें रक्षण करूं शकत नाहीं. २०१२ मध्यें रॉथ्कोचें एक चित्र लिलांवांत ८ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलरांस विकलें गेलें. धनिकांविषयींचा तिटकारा धनिकांनींच विकत घेतला, असें कोणी म्हणेल, व त्यांत तथ्य आहे. म्हणून अमूर्त चित्र स्वभावतःच समाजटीका असतें, हें म्हणणें भाबडेपणाचें. तें कधींच टीका नसतें, हें म्हणणें उतावीळपणाचें. चित्र नकार देऊं शकतें. तो पाळावा लागतो माणसांना. चित्रकारानें पैसे परत करून आपला वांटा उचलला. उरलेला वांटा पाहणाऱ्याकडे येतो. चित्राची किंमत व चित्रकाराची कीर्ति घटकाभर विसरून त्या मौनापुढें उभें राहण्यास तो तयार आहे काय, यावरच ती टीका त्याच्या कानीं पडणें अवलंबून आहे.